न उगवलेलं बी

आमच्या खानदेशात कापसाचं बी उगवलं नाही तर आठवडाभरात बोंबाबोंब होते. लोक दुकानदाराला गाठतात, रिकामी पिशवी दाखवतात, पावती शोधतात आणि शेवटी नशिबाला शिव्या घालत दुबार पेरणीला लागतात. इंग्रजांनी मात्र कर्जाच्या शब्दात, म्हणजे 'डेट'मध्ये (debt), काही शतकांपूर्वी एक 'बी' पेरलं. ते अजून उगवलेलं नाही आणि कोणाची तक्रारही नाही.

हा शब्द फ्रेंचांकडून आला तेव्हा त्यात हे 'बी' नव्हतंच. पुढे पंडितांना लॅटिनचा पुळका आला. तिकडे 'देबितुम' आहे, मग आपल्याकडेही 'बी' दिसायला हवं, म्हणून त्यांनी ते लिहिण्यात घुसडलं. 'डाउट'चंही तेच. बोलणारे ढिम्म, ते आधी म्हणायचे तसंच म्हणत राहिले. पावतीच्या 'रिसीट'मधला 'पी' याच वाणाचा. म्हणजे बियाणं बोगस आणि पावतीही बोगस! 'आयलंड'मधल्या 'एस'ची तर कमाल आहे. त्या शब्दाचं लॅटिनशी काही नातंच नाही. 'आइल' (isle, म्हणजेही बेटच) या दुसऱ्याच शब्दाचा तो भाऊबंद असेल असं समजून 'एस' चिकटवला, तो चिकटलाच.

हे सगळं आमची पोरं स्पेलिंग म्हणून घोकतात. त्याच वर्गात एखादं पोरगं 'जयगाव' म्हणालं की त्याला उभं करून 'जळगाव म्हण' असं सुनावलं जातं. आमच्या अहिराणीत आणि लेवा बोलीत 'ळ'चा 'य' होतो. डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया, काळा माणूस म्हणजे काया माणूस. हा जिभेचा आळस आहे, असं शहरातले नातेवाईक लग्नाच्या पंगतीत सांगतात. मग इंग्रजांच्या 'वॉक', 'टॉक' आणि 'हाफ'मधला 'एल' कुठे गेला? एके काळी तो उच्चारत होते. हळूहळू जिभेनं तो गिळला, कागदावर तेवढा राहिला. अगदी जळगावसारखंच: लिहायचा 'ळ', बोलायचा 'य'. तिकडे त्याला कोणी आळस म्हणत नाही, सायलेंट म्हणतात.

'कुड'मधला 'एल' याहून भारी. 'शुड' आणि 'वुड'मध्ये तो मुळातला आहे. 'कुड'मध्ये नव्हता. पण शेजारच्या दोघांकडे आहे म्हणून त्यालाही दिला. सख्ख्या जावेनं पाटल्या केल्या की आपल्यालाही हव्यात, त्यातली गत.

आमचे एसटीचे कंडक्टर या बाबतीत पक्के इंग्रज. धुळ्याच्या स्टँडवर गाडी भरली की गर्दीतून अंग चोरत, तिकिटाचं मशीन छातीशी धरून ते विचारतात, "लेडीज हाप किती? पारोळा कोण?" 'हाप'मध्ये 'एल' औषधालाही नाही. मार्च 2023पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून हा 'हाप' पोरांपेक्षा आयाबायांचाच जास्त. परवा पुढच्या सीटवर नऊवारीतल्या एका आजीबाईंनी ठणकावलं, "मी हाप नही, मी फुकट!" पंचाहत्तरी पार केलेल्यांना पूर्ण सवलत, आणि त्यांचं आधार कार्ड पदराच्या गाठीत तयार.

आता कंडक्टर 'एक लेडीज उतरली' म्हणतो, हे काही व्याकरणात बसत नाही, मान्य. पण अनेकवचन एकवचन म्हणून खपवायची खोड आमचीच नाही. काड्यांच्या 'मॅचेस'ची आपण 'माचिस' केली आणि एक माचिस, दोन माचिस मोजू लागलो. इंग्रजांनी उलटं केलं. मटाराला ते 'पीज' म्हणत, तेच एकवचन होतं. शेवटचा 'ज' ऐकून हे अनेकवचन असावं असं लोकांना वाटलं, आणि 'पी' नावाचा एक दाणा जन्माला आला. 'चेरी'ही तशीच निघाली. 'चिल्ड्रन'ला तर अनेकवचनाचे दोन प्रत्यय एकावर एक लागलेत. आम्ही कोणी 'चिल्ड्रन्स आले' म्हणालो तर तिसराही लागतो, एवढंच.

आम्ही 'व्ही' आणि 'डब्ल्यू' सारखेच म्हणतो, त्या भानगडीत मी पडत नाही. भुसावळ इंग्रजीत दोन्हींनी लिहिलेलं दिसतं आणि गाड्या तरी तिथेच थांबतात.

मला खरी मजा वाटते ती वाक्याच्या शेपटीची. 'यू आर कमिंग, आरंट यू?', 'ही केम, डिडंट ही?' प्रत्येक वेळी कर्ता बघा, काळ बघा, होकार-नकार उलटा करा. एवढा बारीक हिशोब ठेवणारी माणसं 'आय ॲम राइट' म्हणाल्यावर मात्र 'आरंट आय?' विचारतात. 'आय आर' म्हणणाऱ्या आमच्या पोराला शून्य मार्क, आणि यांची हीच चूक पुस्तकात छापून येते! आपल्याकडे एक 'ना' सगळीकडे चालतो. म्हणून इकडच्या मुलाखतीतही 'सर, आय हॅव सेंट द फॉर्म, ना' असं ऐकू येतं आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. आपल्या इंग्रजीतला 'प्रीपोन', म्हणजे 'पोस्टपोन'च्या उलटा, घेतलाच ना ऑक्सफर्डनं डिक्शनरीत? 'ना'लाही घेतील.

सध्या अमळनेरच्या एका भाच्याला पुण्याच्या कंपनीतून फोन येतात. बोलणारी बाई फाड फाड इंग्रजीत विचारते, "आर यू कमिंग टुमॉरो?" हा उसाला पाणी देता देता म्हणतो, "येस." अहिराणीत 'मी येस' म्हणजे मी येतो. त्यानं नेमकं कोणत्या भाषेत उत्तर दिलं ते बाईला कळत नाही, त्यालाही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी तो पुण्यात हजर असतो.