टीव्हीच्या पाठीमागचा गुन्हेगार

पंधरा दिवस आमची स्ट्रीमिंग स्टिक (टीव्हीला खोचून इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारी कांडी) मनात येईल तेव्हा बंद पडून पुन्हा चालू होत होती. गोष्ट ऐन रंगात आली की पडदा काळा, मग लोगो. मी आधी वायफायला शिव्या घातल्या, राउटर तीनदा बंद-चालू केला, शेवटी रागाच्या भरात फॅक्टरी रीसेट मारला. फायदा शून्य. उलट सगळे पासवर्ड रिमोटवरून एकेक अक्षर शोधत पुन्हा भरावे लागले.

मग टीव्ही भिंतीपासून ओढला आणि मोबाईलच्या उजेडात मागे डोकावलो. स्टिकची वायर थेट टीव्हीच्या यूएसबीत खोचलेली! बोर्डावर जागा नाही म्हणून मीच केलेला उद्योग. साधा यूएसबी २.० पोर्ट ०.५ अँपिअर देतो; तिच्या अ‍ॅडॉप्टरवर १ अँपिअर छापलंय. होम स्क्रीनपुरतं कसंबसं भागायचं, व्हिडिओ सुरू झाला की दम सुटायचा. अ‍ॅडॉप्टर लावला, बंद पडणं थांबलं.

चित्र अडखळणं मात्र थोडं उरलंच. ते खरंच वायफायचं होतं. टीव्हीच्या पाठीला चिकटलेल्या स्टिकला सिग्नल धड मिळत नव्हता, वर ती तापायचीही. खोक्यात पडून राहिलेली वीतभर एचडीएमआय एक्स्टेंडर वायर लावून तिला बाहेर लोंबत ठेवली आणि वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ बँडवर जोडली. राउटर त्याच खोलीत आहे म्हणून जमलं. मध्ये दोन भिंती असत्या तर २.४ गिगाहर्ट्झचा बँडच बरा.

रिमोट अजून अधूनमधून रुसतो. त्याला नवे सेल लागतात, बाकी काही नाही.