बैल पाहून जू: अवजारांच्या धंद्यातली आमची वाटचाल

आमच्या कारखान्यात जू, वखर, कोळपी आणि तिफणी ही बैलांना जुंपायची अवजारे तयार होतात. गिऱ्हाईक आले की आम्ही आधी विचारतो, "बैल कुठले?" खिलार, देवणी, लाल कंधारी की डांगी, ही जात कळल्याशिवाय जुवाचे लाकूड कापायला घेत नाही. हा हट्ट धंद्याच्या पहिल्या दिवसापासूनचा आहे आणि आम्ही टिकलो ते त्याच्यामुळेच, असे मी मानतो.

आमचे वडील गावचे सुतार. बाभळीच्या लाकडाचा नांगर किंवा तिफण घडवताना त्यांना कुणाला माप विचारावे लागत नसे, कारण ज्या बैलांसाठी अवजार करायचे ते रोज दारावरून जायचे. उदगीरकडच्या सुताराच्या डोळ्यांत देवणी बसलेला, कंधार-लोह्याकडच्याच्या डोळ्यांत लाल कंधारी. पुढे लोखंडी अवजारे एका साच्यातून निघू लागली, ट्रकमध्ये भरून चार जिल्हे ओलांडून जाऊ लागली आणि घडवणाऱ्याला बैल दिसेनासा झाला. मी कारखाना काढला तेव्हा डोक्यात एकच गोष्ट होती: माल कितीही लांब जाऊ दे, बैल आधी पाहायचा.

म्हणून सुरुवातीची वर्षे बाजार आणि यात्रा फिरण्यात गेली. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत देवणी आणि लाल कंधारी शेजारी शेजारी बांधलेले सापडतात. दोघे मराठवाड्याचेच, पण चण वेगळी. देवणी अंगाने भरलेला. त्यात पांढऱ्या अंगाचा आणि काळ्या तोंडाचा तो वानेरा, पोटाखाली काळे असलेला बालंक्या आणि काळे-पांढरे ठिपके असलेला शेवरा. देवणी गाय दुधालाही बरी, म्हणून घरात दूध आणि शेतात बैल दोन्ही हवे असलेला शेतकरी ती धरून राहतो. लाल कंधारी देवणीपेक्षा आटोपशीर, एकरंगी लाल, कमी चाऱ्यावर आणि कडक उन्हात काम ओढणारा. देवणीच्या मापाचे जू त्याच्या मानेवर सैल बसते, शिवळांमध्ये, म्हणजे मानेच्या बाजूच्या खुंट्यांमध्ये, मान हलत राहते आणि दोन दिवसांत कातडी सोलते. खांदेसूज आलेला बैल ऐन पेरणीत बसून राहिला की त्या घराचा हंगाम कसा जातो, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

ओढीचा हिशेबही बैलावरच ठरतो. बैल दिवसभर न थकता साधारण आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतके ओढतो. चारशे किलोचे दोन बैल असतील तर जोडीची ओढ ऐंशी किलोच्या आसपास. अडीचशे किलोच्या लहान जोडीला तेच अवजार दिले, तर ती ओढेलही, पण दुपारपर्यंत जीभ बाहेर येईल. वखराची फास, म्हणजे त्याचे पाते, किती रुंद ठेवायची, ते आम्ही यावरून ठरवतो.

एकदा इगतपुरीकडून भातशेतीसाठी जुवांची मागणी आली. आम्ही आधी घोटीच्या बाजारात जाऊन डांगी जोड्या पाहिल्या. हा बैल घाटाच्या पावसासाठीच घडला आहे. त्याच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळे पाणी अंगात मुरत नाही. खूर काळे आणि टणक, चिखलात आणि खडकावर सारखेच टिकणारे. चाल संथ, पण चिखलणीत घाई उपयोगाची नसते, तिथे ताकद सतत लागते. त्या ओल्या मानेवर खरबरीत लाकूड चालणार नव्हते. आम्ही जुवाची खालची बाजू रुंद केली, गुळगुळीत तासली आणि पाणी पिणार नाही असे तेल पाजले. तो नमुना आजही तसाच निघतो. डांगी जनावर मला स्वतःला सगळ्यांत आवडते, हेही सांगून टाकतो.

खिलाराची गोष्ट अगदी उलटी. माणदेश, सांगोला, आटपाडीच्या माळावरचा हा बैल चपळ, तापट, लांब शिंगांचा. गाडीला आणि हलक्या मशागतीला त्याच्या तोडीचा नाही. गाय मात्र दुधाला कमी. बैलगाडा शर्यतीत हाच धावतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या शर्यती थांबवल्या. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. तेव्हापासून खिलार खोंडांना पुन्हा भाव आला, ही आनंदाची गोष्ट. माझे मत एवढेच, की पैदास केवळ धावेवर निवडली जाऊ नये. शेतात शांत चालणारा, माणसाचे ऐकणारा खिलारही पुढच्या पिढीत उतरायला हवा.

संकरित गोऱ्हे जुंपणारेही आमच्याकडे येतात. होल्स्टीन किंवा जर्सी या विदेशी जातींच्या रक्ताने वशिंड, म्हणजे मानेमागचा उंचवटा, बसके होते आणि देशी जू तर वशिंडाच्या पुढेच टेकते. त्याला मागे आधार मिळाला नाही की ते सरकते. अशा जनावरासाठी आम्ही गळ्यातला गादीचा पट्टा करून देतो आणि उन्हाच्या वेळी काम घेऊ नका, असे स्पष्ट सांगतो.

२०१९ च्या पशुगणनेत देशातले नर गोवंश २०१२ च्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी घटलेले दिसले. हा आकडा आमच्या धंद्याच्या मुळावरचाच. ट्रॅक्टरला माझा विरोध नाही, खोल नांगरट त्यानेच करावी. पण उभ्या पिकातली कोळपणी बैलच नेटकी करतो. अडचण अशी, की जोडी सांभाळणे कित्येकांना झेपत नाही. एकेक बैल असलेली दोन घरे सावड करतात, म्हणजे आपले बैल एकत्र जुंपतात, आणि मग एका जुवाखाली उंच देवणी आणि ठेंगणा लाल कंधारी येतो.

यावर आम्ही जुवाच्या मधोमध अवजार अडकवायची एकच कडी न ठेवता शेजारी आणखी भोके पाडायला लागलो. कडी बळकट बैलाच्या बाजूला सरकवली की जास्त भार त्याच्याकडे जातो आणि दुबळ्याची सुटका होते. दिसायला बदल एवढासा, पण सावड करणाऱ्या शेतकऱ्यांकडून सर्वांत जास्त मागणी आज याच जुवाला आहे. सोबत एकबैली कोळपेही सुरू केले. ते कोकणातल्या लहान चणीच्या कपिला बैलालाही झेपते.

सध्या वर्ध्याकडच्या गवळाऊ जातीच्या बैलासाठी मापे घेणे चालू आहे. सडपातळ, पांढरा, चालीला वेगवान असा हा बैल. मराठ्यांच्या काळात सैन्याची रसद डोंगराळ मुलखातून हाच वाही, असे सांगतात. त्याच्यासाठी हलके जू आणि अरुंद फासेचा वखर करायचा आहे.

ज्यांना जू मागवायचे आहे त्यांनी चार मापे पाठवावीत: वशिंडापुढे मानेचा घेर, जमिनीपासून वशिंडापर्यंतची उंची, छातीचा घेर आणि पिकाच्या दोन ओळींतले अंतर. जुवाखालच्या दोन बैलांच्या मानांमधले अंतर ओळींच्या अंतराच्या पटीत बसले तरच बैल पीक न तुडवता चालतात. सोयाबीन ४५ सेंटिमीटरवर असेल तर ९० किंवा १३५. दोन्ही बैलांची मापे वेगवेगळी लिहा. बैल चार दाती असेल तर तेही कळवा. तो अजून भरायचा असतो आणि त्या हिशेबाने आम्ही शिवळेची भोके एक जास्त ठेवतो.