मेन ऑफ केला, तरी आत सप्लाय कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. भोसरीत मशीनची इलेक्ट्रिक कंट्रोल पॅनेल बनवतोय त्याला १९ वर्षं झाली. पॅनेल ताब्यात घ्यायला आलेला जो तो दारावरचं मेनचं हँडल फिरवून ऑफ करतो, दार उघडतो, आत ट्यूब पेटलेली बघतो आणि माझ्याकडे चोर पकडल्यासारखा बघतो.

वायरिंग चुकलेलं नाही हो. मशीनला दोन ठिकाणांहून सप्लाय येत असेल तर दोघांना आपापला आयसोलेटर, म्हणजे सप्लाय तोडणारा स्विच, हवा, असं आयईसी ६०२०४-१ हे मशीनच्या वायरिंगचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड सांगतं. दुरुस्तीपुरती ट्यूब, ड्रिलचं सॉकेट मेनच्या आधीच्या बाजूने घ्यायला तेच स्टँडर्ड मुभा देतं. अंधारात हात घालणार का तुम्ही?

हे मी तावातावाने सांगतो. पण अशा वायरी शक्यतो नारिंगी हव्यात, धोक्याची पाटी हवी, हे त्याच स्टँडर्डातलं मी एकेकाळी 'बघू नंतर' म्हणून सोडलं होतं.

एका कारखान्यात पीएलसीला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला, शेजारच्या पॅनेलमधून यूपीएसचे २३० व्होल्ट दिले होते. एमसीबी तिकडेच. इकडे आयसोलेटर नाही, आणि वायर बाकीच्या कंट्रोल वायरींसारखीच लाल. त्यांचे इलेक्ट्रिशियन, वयाने माझ्याहून मोठे, कॉन्टॅक्टर (मोटार चालू-बंद करणारा स्विच) बदलायला स्टुलावर चढले. मेन ऑफ, हँडलला कुलूप, आर-वाय-बी तिन्ही फेजवर टेस्टर. कंट्रोल वायरींच्या टर्मिनल पट्टीवर मात्र नाही. मी मागे ड्रॉइंग उलगडत होतो. आधी स्क्रू ड्रायव्हर पडल्याचा आवाज आला, मग ते. मनगट मोडलं. जमिनीवर बसल्या बसल्या दुसऱ्या हाताने खिसा चाचपत म्हणाले, "साहेब, किल्ली तर माझ्याकडेच आहे की."

रिपोर्टात मी लिहिलं, 'सर्व टर्मिनल तपासले नाहीत.' खोटं नव्हतं. यूपीएस ड्रॉइंगच्या सातव्या पानावर दाखवलेला होता. स्टुलावर चढलेला माणूस सातवं पान बघतो का? तेव्हाचा मी अजूनही म्हणतो, बघायलाच हवं. त्याच्याशी माझं पटत नाही, पण तो साफ चूक आहे असंही म्हणवत नाही.

आता नारिंगी वायर, टर्मिनलवर पारदर्शक झाकण, दोन्ही आयसोलेटर शेजारी-शेजारी, मराठीत पाटी. गिऱ्हाईक कुरकुरतं, नारिंगीचं अख्खं बंडल कशाला म्हणून.

मागच्या महिन्यात एका पोराने दोनातला एकच बंद करून दार उघडलं. मी ओरडलो, "पाटी वाचली नाहीस?"

"वाचली ना. तुमच्या सगळ्याच पॅनेलवर असते ती."