हेमकुंडच्या वाटेवरचा बर्फ

आम्ही नांदेडची माणसं. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग यांनी १७०८ साली जिथे देह ठेवला, तो सचखंड गुरुद्वारा आमच्या घरापासून चालत जाण्याएवढा जवळ. त्यांनी पूर्वजन्मी जिथे तप केलं असं मानतात, ते उत्तराखंडच्या हिमालयातलं सरोवराकाठचं हेमकुंड एकदा पायी गाठायचंच, असं शेजारचे चाचाजी आणि मी कितीतरी वर्षं बोलत होतो. शेवटी यात्रा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात वाटेवरच्या शेवटच्या मुक्कामाच्या गावी, घांगरियाला पोचलो. मे संपत आला होता. नांदेड उन्हानं भाजत होतं, इथे मात्र थंडी आत्ता कुठे सरत होती.

घांगरिया ३,००० मीटरच्या थोडं वर, हेमकुंड ४,००० मीटरच्याही वर, आणि मध्ये जेमतेम सहा किलोमीटर. म्हणजे सगळा चढच. वर मुक्काम करता येत नाही, त्याच दिवशी उतरावं लागतं. म्हणून पहाटे पाचला काठ्या घेऊन निघालो.

अटलाकोटीपाशी बर्फ लागला. दरवर्षी यात्रेआधी लष्कराचे जवान तो फोडून वाट काढतात. दोन्ही बाजूंना डोक्याहून उंच भिंती. पांढराशुभ्र बर्फ मनात धरून गेलो होतो, पण भिंती मळकट निघाल्या; थरावर थर, मधे मातीच्या रेघा. खालून कुठूनतरी पाणी वाहिल्याचा आवाज येत होता. आदल्या दिवशी उन्हानं पातळ झालेला बर्फ रात्री गोठून काचेसारखा झाला होता. भिंती संपल्यावरच्या पहिल्याच वळणावर माझा पाय सटकला आणि मी दरीकडच्या बाजूला घसरलो. मागच्या अनोळखी वीरजींनी जॅकेटची कॉलर धरली म्हणून वाचलो. त्यानंतर काठीचं लोखंडी टोक रोवल्याशिवाय पाऊल उचललं नाही. श्वास पुरत नव्हता. दहा पावलं, एक थांबा, "वाहेगुरू".

वर सरोवर अजून गोठलेलं होतं, काठाशी तेवढं पाणी मोकळं. चाचाजी बिनधास्त उतरले. त्यांच्यामागून मीही डुबकी मारली आणि क्षणभर कानात काहीच ऐकू येईना. मग लंगरातली गरम खिचडी आणि चहा. तसा चहा पुन्हा प्यायलो नाही. लक्ष्मणाच्या मंदिरात माथा टेकला आणि अरदास, म्हणजे प्रार्थना, होताच निघालो.

उतरताना तीच वाट ओळखू येईना. उन्हानं बर्फ भुसभुशीत झाला होता, पाय घोट्यापर्यंत रुतत होता. खडकांलगत तर तो आतून पोकळ असतो. तिथे एकाचा पाय मांडीपर्यंत गेला. खालचं पाणी सकाळपेक्षा जोरात वाजत होतं. वरून अधूनमधून दगड सुटत होते, म्हणून जवान कुणालाही तिथे थांबू देत नव्हते.

पुढे सुरक्षित वळणावर एक जवान, जेमतेम विशीचा, फावड्यानं बर्फात पायऱ्या कोरत होता. दुपारपर्यंत विरघळलेल्या पायऱ्या उद्याच्या यात्रेकरूंसाठी पुन्हा घडवायच्या. चाचाजींनी कागदात जपून आणलेला कडाह प्रसाद, गुरुद्वारातला शिरा, पुढे केला. त्यानं फावडं बर्फात रोवलं, हातमोजे काढले आणि लालबुंद झालेली ओंजळ पुढे धरली.