शाळेत मी गुण लिहायचे

"मॅडम, तुम्ही आधीपासूनच स्पोर्ट्समध्ये होतात का?"

नाशिकमधल्या एका पतसंस्थेत मी कॅशियर आहे, आणि लांब पल्ल्याची सायकल चालवते. खिडकीपलीकडून हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतो. मागे रांग असते, म्हणून मी "नाही हो" म्हणते आणि पैसे पुढे सरकवते. पण तुम्ही विचारलंतच आहे, तर आज रांग नाहीये.

शाळेत खो-खोच्या मैदानावर मी असायचे, पण टेबलाशी. गुण लिहायला. पळताना मला धाप लागायची आणि माझं अक्षर चांगलं होतं, तेव्हा बाईंनी सोय लावून दिली. त्यानंतर वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत माझा आणि खेळाचा संबंध नाही.

सायकल मुलाची. तो शिकायला बाहेर गेला आणि ती गॅलरीत राहिली. तिच्या हँडलवर आम्ही पायपुसणी वाळत घालायचो. २०१५ च्या जूनमध्ये आमच्याच गावचे डॉक्टर महाजन बंधू, हितेंद्र आणि महेंद्र, दोघांच्या संघातून 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण करून आले. एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. शहरात तेव्हा दुसरा विषय नव्हता. मला त्यात आकडा नाही, वेगळंच काही लागलं: हे दवाखाना चालवणारे लोक होते. सकाळी पेशंट, संध्याकाळी पेशंट, आणि मधे कुठेतरी हे. मी पायपुसणी काढली आणि टायरमध्ये हवा भरून आणली.

पहिल्या दिवशी गंगापूर धरणाकडे निघाले आणि अर्ध्यातून परत आले. दोन महिन्यांनी त्र्यंबकेश्वर. मग कुणीतरी बीआरएम या लांब पल्ल्याच्या सायकल उपक्रमाबद्दल सांगितलं. ही शर्यत नव्हे, हे आधी समजून घ्या. पहिला-दुसरा नंबर नसतो. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत पुरं करायचं, एवढंच: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस, ६०० चाळीस. मधल्या कंट्रोलवर, म्हणजे तपासणीच्या ठिकाणी, कार्डावर शिक्का घ्यायचा. शिक्का मारायला माणूस नसेल तर एटीएमची पावती चालते, कारण तिच्यावर ठिकाण आणि वेळ दोन्ही छापलेलं असतं. तपासलेल्या पावत्यांवर चालणारा खेळ! हे ऐकलं तेव्हाच मी मनातून नाव नोंदवलं होतं. मेडल मिळतं, पण त्याचे पैसे आपणच भरायचे. आमच्या ह्यांना हे अजून पटलेलं नाही.

आता हिशेब बघा. २०० किलोमीटर, ताशी वीसच्या चालीनं, दहा तास. उरले साडेतीन. म्हणजे वेगवान असायची गरजच नाही. साडेतीन तास नीट खर्च करता आले पाहिजेत. नाशिक-मालेगाव-नाशिकची माझी पहिली २०० मी चांदवडच्या पुढे राहुड घाटात सायकल हातात धरून चालत चढले, तरी वेळेत आले.

मग डोकं थोडं वर गेलं आणि तीनशेला धुळं आलं.

सकाळी सहाला नाशिक सोडलं, तीनला धुळ्यात. वेळ भरपूर हाताशी. ढाब्यावर शेवभाजी मागवली. खानदेशातली शेवभाजी म्हणजे काय ते ज्याला ठाऊक आहे तो मला माफ करील. तवंग, कळण्याची भाकरी, वर कांदा, मग जरा पाठ टेकली. निघाले तेव्हा चार वाजून वीस मिनिटं. धुळ्याहून नाशिक म्हणजे चढच चढ, वर पश्चिमेचा वारा तोंडावर, आणि पोटात तो तवंग. रात्री पिंपळगाव बसवंतच्या आसपास पंक्चर. पोचले तेव्हा वीस तास बावीस मिनिटं झाली होती. कार्ड घेणारा मुलगा ओशाळून म्हणाला, "काकू, सॉरी." त्याचं काय चुकलं? बावीस मिनिटांची तूट होती आणि ऐंशी मिनिटांचं व्हाउचर माझ्या पोटात होतं.

त्या खेपेला एक निवृत्त एसटी चालक काका बरोबर होते. ते वेळेत पोचले होते. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, चाल माझ्यापेक्षा कमी. म्हणाले, "ताई, गाडीला उशीर रस्त्यात होत नाही. स्टँडावर होतो." पुढची सगळी तयारी मी या एका वाक्यावर केली. पाय मजबूत करायचे व्यायाम केले, नाही असं नाही, पण खरा सराव थांबण्याचा. पाणी भरणं चार मिनिटं. तूप-साखर-पोळीचा रोल आणि राजगिऱ्याचे लाडू जर्सीच्या मागच्या खिशात, चालू सायकलवर खायचे. प्रत्येक थांब्याची वेळ वहीत. बारा थांब्यांवर पाच-पाच मिनिटं वाचली की एक तास झोप विकत मिळते.

पुढच्या वर्षी २००, ३००, ४०० झाले. चारही अंतरं एकाच मोसमात झाली की 'सुपर रँडोनिअर' म्हणतात. उरली होती सहाशे. मध्य प्रदेशातल्या सेंधव्याच्या पुढे जाऊन परत.

सहाशेत खरा प्रश्न झोपेचा. पहाटे तीन-साडेतीनला डोळे उघडे असूनही माणूस झोपतो. पांढरी पट्टी वळवळायला लागते. मला एकदा बिजासन घाटाच्या अलीकडे रस्त्याकडेला आमचं शाळेतलं गुणांचं टेबल दिसलं होतं, वर टेबलक्लॉथसकट. आजोबांनी लहानपणी घोकून घेतलेले पाढे इथे उपयोगी पडले. मी एकोणतीसचा पाढा मोठ्यानं म्हणते. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी, एकोणतीस चोक एकशे सोळा. जिथे चुकले तिथे पुढचा पेट्रोल पंप गाठून वीस मिनिटं आडवं व्हायचं, वाद घालायचा नाही. त्या रात्री साती एकशे त्र्याण्णव म्हणाले आणि काका मागून ओरडले, "दोनशे तीन! थांबा आता!"

एकोणचाळीस तास पाच मिनिटांत पोचलो.

मधे भाचीच्या हट्टापायी पुण्याच्या एन्ड्युरो या साहसी शर्यतीतही उतरले. तिघांचा संघ, सायकल, डोंगरातली पायपीट, नकाशा, पाणी. तिथे माझी वही फोल ठरली. तिन्ही माणसं एकत्रच पोचावी लागतात, त्यामुळे सगळ्यात सावकाश जो, त्याचीच चाल संघाची. उतारावर ती मी. तासाभरानं भाचीनं काही न बोलता माझी सॅक काढून स्वतःच्या पोटावर अडकवली. द्यायला मी दहा मिनिटं तयार नव्हते. ती दहा मिनिटंही धरा तुटीत.

अंगाचं विचाराल तर गुडघे ठीक आहेत. त्रास हाताला होतो. तासन्‌तास हँडलवर तळवा दाबला जाऊन तिथली शीर चेपते आणि करंगळी-अनामिका बधिर होतात. सहाशेनंतर तीन आठवडे माझी करंगळी माझी नव्हती. सोमवारी शंभराचं बंडल मोजताना नोटा निसटायला लागल्या, दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मशीनवर टाकलं.

खिडकीबाहेरच्या आजोबांनी विचारलं, "हाताला काय झालं, मॅडम?"

म्हटलं, सेंधव्याला जाऊन आले, सायकलवर.

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग पासबुक आत सरकवत हळूच म्हणाले, "का हो, एसटी बंद झाली का तिकडची?"