सड्यावरची पावसाळी वाट

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पायवाटा मोजल्या. मोपा विमानतळाच्या आसपास जमिनीची नवी मोजणी सुरू झाली की गावात आधी घरांचं आणि काजूंचं बोलणं निघतं. पायवाटेचं कुणी काढत नाही, कारण तिला मालक नाही. पण या सड्यावर रोज पहाटे लोक चालायला येतात, ऑगस्टमध्ये शाळेची मुलं फुलं बघायला येतात, आणि खालच्या वाड्यावरून देवाच्या रायेत, म्हणजे देवराईत, जायची वाटही इथूनच आहे. तिथेच उन्हाळ्यात भूसंपादनाच्या हद्दीचे दगड बसले होते. आराखड्यात एक तुटक रेघ होती आणि तिच्यावर ‘पर्यायी पायवाट’ असं लिहिलेलं होतं. तीच रेघ पायांनी तपासायचं काम पंचायतीच्या जैवविविधता समितीने आमच्याकडे दिलं.

सामान थोडं होतं. दोन हातातले जीपीएस, ३० मीटरचा टेप, खुणा केलेली काठी, १० लिटरची बादली, स्टॉपवॉच आणि प्लास्टिकमध्ये घातलेली सर्व्हे प्लॅनची प्रत. वाट दाखवायला गुरं राखणारे एक काका बरोबर होते.

वाट एकदाच चालून नोंदवली तर ती टिकत नाही. जाताना एक रेघ घ्यायची, येताना दुसरी. दोन्हींतलं अंतर हीच आपली चूक. उघड्या सड्यावर ती ३ ते ५ मीटर येते, काजूखाली १० मीटरच्या पुढे जाते. फाटा, पायऱ्या, झर अशा प्रत्येक जागी दोन मिनिटं थांबून सरासरी घ्यायची. मोबाइलवर भिस्त ठेवू नये. बॅटरी वाचवायची सोय चालू असली की खिशातल्या मोबाइलमध्ये नोंद मध्येच बंद पडते आणि दोन बिंदूंमध्ये सरळ रेघ उमटते. मग सुनावणीत समोरचा तेवढ्याच सरळ रेघेवर बोट ठेवतो आणि बाकीची नोंदही संशयात जाते. सर्व्हे प्लॅन १:१००० चा असेल तर नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक मीटर. म्हणून प्लॅनवर दिसणारे आणि जागेवर सापडणारे निदान चार जुने सर्व्हे दगड गाठून मगच आपली रेघ त्यावर बसवायची.

पहिला किलोमीटर सरळ गेला. मग तुटक रेघ जिथे डावीकडे वळते तिथे काका थांबले. “पावसात ही न्हय, वयली वाट,” म्हणाले. समोर पाणी पसरलं होतं. काठीने मोजत गेलो. सगळ्यात खोल जागी ४२ सेंटिमीटर भरलं. तळ्याची लांबी १३० मीटर, आणि त्यातले ७० मीटर नेमके आराखड्यातल्या पर्यायी वाटेचे. खरी पावसाळी वाट उत्तरेला ९० मीटरवर, जेमतेम दीड मीटर उंच असलेल्या कातळाच्या पाठीवरून जाते. हद्दीचे नवे दगड त्याच पाठीवर होते.

चूक कशी झाली ते जागेवर उभं राहिलं की कळतं. रेघ एप्रिलमध्ये आखली. तेव्हा हा खळगा कोरडा असतो, काळा पडलेला कातळ आणि गवताची खुंटं, दुसरं काही दिसत नाही. सपाट जमीन, वाटेला उत्तम, असंच कुणालाही वाटेल. जूनमध्ये तोच खळगा भरतो. काठावर दोन-चार सेंटिमीटर माती, आणि तीत गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू ही छोटी रोपं. शेवटच्या दोन्ही वनस्पती किडे पकडून खातात, कारण या मातीत नायट्रोजन फार कमी. हे सगळं चार महिन्यांत उगवून, बी टाकून संपतं. पर्यावरण आघात अहवालासाठीची पाहणी मात्र बहुतेक वेळा पावसाळा सोडून एका हंगामात होते. त्यामुळे जिवंत सडा कागदावर ‘पडीक’ म्हणून जातो, आणि मला या कामात सर्वात जास्त डाचणारी गोष्ट हीच आहे.

दुपारी उतारावरच्या झरीकडे गेलो. सड्याचा जांभा भेगाळ, सच्छिद्र असतो. पाणी त्यातून मुरतं, खालच्या चिकण थरावर अडतं आणि सड्याच्या कुशीतून बाहेर पडतं. खालची कुळागरं, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, त्यावरच उभी आहेत. पाणी दगडावरून पसरत होतं, म्हणून केळीच्या सोपटाची पन्हळ लावून ते एका धारेत आणलं. पाच वेळा बादली भरली, सरासरी ८ सेकंद. म्हणजे सेकंदाला सव्वा लिटर, दिवसाला १,०८,००० लिटर. हा आकडा एकटा कामाचा नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात त्याच जागी, त्याच पन्हळीने मोजलेला आकडा जोडीला लागतो.

तिथेच वाटेच्या चिऱ्यांच्या सहा पायऱ्या उखडलेल्या दिसल्या. वर नव्या कुंपणभिंतीने सड्यावरून पसरून वाहणारं पाणी अडवलं होतं आणि सगळा लोंढा एकाच मोरीतून सोडला होता. एक हेक्टर पक्की झालेली जमीन १०० मिलिमीटर पावसात दहा लाख लिटर पाणी झेलते आणि जवळजवळ सगळं बाहेर टाकते. भिंतीत ठरावीक अंतरावर तळाला भोकं आणि मोरीपुढे दगडी फरसबंदी असती तर पायऱ्या राहिल्या असत्या.

वाटेवर सावली देणारी झाडं विमानतळाजवळ टिकतील का, याचाही हिशेब त्याच दिवशी केला. मोठ्या धावपट्टीच्या टोकापासून ६० मीटरवर विमान उतरण्यासाठी मोकळी ठेवायची कल्पित तिरकी पातळी सुरू होते आणि दर १०० मीटरला २ मीटर चढते. तिथून ५०० मीटरवर उंचीची मर्यादा १० मीटर. धावपट्टीच्याच उंचीवरच्या जमिनीत १५ मीटरचं जांभळीचं झाड असेल तर ते अडथळा ठरतं, भिंतीबाहेर असलं तरी. उतारावरची झाडं मात्र जमीन खाली गेल्यामुळे वाचू शकतात. म्हणून झाडाच्या उंचीबरोबर त्याच्या बुंध्याची समुद्रसपाटीपासूनची उंचीही लिहावी लागते.

संध्याकाळी पंचायतीत कागद मांडले. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचनेनंतर ६० दिवसांत कलम १५ खाली लेखी हरकत घेता येते. नुसता चालायला येणारा माणूस ‘हितसंबंधित’ ठरत नाही, वहिवाटीचा हक्क असलेला ठरतो. म्हणून गावात ज्यांची नेहमीची ये-जा याच वाटेने आहे त्यांची निवेदनं, एक-चौदाचे उतारे (गोव्यातले जमिनीच्या हक्कनोंदीचे उतारे), ग्रामसभेचा ठराव आणि आमचा नकाशा असं एकत्र द्यायचं ठरलं. पर्यावरण मंजुरीच्या अर्जात, म्हणजे फॉर्म १ मध्ये, काय लिहिलं नाही याला किती वजन असतं ते मोपाच्याच प्रकरणात दिसलं आहे. २९ मार्च २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण मंजुरी स्थगित करून ती मूल्यमापन समितीकडे फेरविचाराला पाठवली होती. १६ जानेवारी २०२० ला ती स्थगिती उठली आणि काम पुढे गेलं.

हरकतीत मागणी एकच ठेवली: हद्द कातळाच्या पाठीच्या उत्तरेला सरकवा, किंवा पाठीवरून ३ मीटर रुंदीची वाट भिंतीबाहेर सोडा. तळ्याचा फोटो काठीसकट, तारखेसकट जोडला. आवक क्रमांकाचा शिक्का घेऊन पोच ठेवली. झरीजवळच्या दगडावर पन्हळीच्या जागी काकांनी कोयत्याने खूण केली आहे, मेमध्ये बादली तिथेच लावायची.