धार नसलेलं इंजिन

मे महिन्याच्या शेवटी बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या शेडमध्ये कृष्णाकाठच्या यडूरकडचं एक जुनं बोटीचं इंजिन आलं. २५ हॉर्सपॉवर, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. तक्रार एकच: फुल थ्रॉटलवर दहा मिनिटं चालतं, मग दम सोडतं आणि बंद पडतं. अर्ध्या तासानं पुन्हा स्टार्ट होतं. २०१९ आणि २०२१ चा कृष्णेचा पूर ज्यांनी काठावरून पाहिलाय, त्यांना पावसाळ्याच्या तोंडावर अशा इंजिनाची काळजी का वाटते हे सांगायला नको.

इग्निशन कॉइलही गरम झाल्यावर असंच करते. म्हणून बंद पडल्यावर स्टार्ट करायची दोरी ओढायला कशी लागते ते विचारलं. "जड लागत्ये, अडकल्यागत," असं उत्तर आलं. म्हणजे पिस्टन फुगून सिलिंडरला घासत होता. कॉइल गेली तर दोरी जड होत नाही. दोष इंजिन थंड करणाऱ्या पाण्याचाच.

आणि या इंजिनाला धार नव्हती. आताच्या इंजिनांना कव्हरच्या मागून पाण्याची बारीक धार पडते. ती थांबली की चालवणारा लगेच इंजिन बंद करतो. कितीतरी जुन्या इंजिनांत थंड करणारं सगळं पाणी एक्झॉस्टबरोबर खालीच बाहेर जातं, त्यामुळे पंप मेला तरी वर कुणाला पत्ता लागत नाही.

खालचा गिअरकेस उतरवला. पंपात फिरून पाणी वर ढकलणाऱ्या रबरी इम्पेलरची पाती एका बाजूला वाकून तशीच बसली होती आणि दोन पात्यांची टोकं गायब होती. तुटलेले तुकडे सापडल्याशिवाय नवा इम्पेलर टाकू नये, ते पाण्याबरोबर वर चढून कुठंतरी अडकतात. एक तुकडा पंपाच्या हाऊसिंगमध्येच मिळाला. दुसरा हेड उघडल्यावर दिसला, खालच्या सिलिंडरच्या जॅकेटच्या, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीच्या, तोंडाशी, गाळात रुतलेला. तो गाळ वाळून विटेसारखा झाला होता. नखानं निघेना, स्क्रूड्रायव्हर घातला तर गॅस्केटच्या जागेवर ओरखडे पडणार. पाणी टाकून भिजत ठेवला आणि बांबूच्या कामटीनं तासभर कोरून काढला.

"मिस्त्री, थर्मोस्टॅट काढूनच टाका की वो, पाणी मोकळं जाईल," मालकांचा आग्रह होता. थर्मोस्टॅट म्हणजे ठरावीक तापमानाला उघडणारी पाण्याची झडप. हे आम्ही करत नाही. थर्मोस्टॅट नसला की हळू चालवताना इंजिन थंडच राहतं, पेट्रोल नीट जळत नाही, प्लग काळे होतात. पुरात तर बोट बहुतेक हळूच चालवावी लागते. शिवाय त्यांचा थर्मोस्टॅट चांगला होता. त्याच्या झडपेत दोरा अडकवून तो पातेल्यात टांगला, शेजारी थर्मामीटर, खाली स्टोव्ह. झडप उघडली की दोरा सुटून थर्मोस्टॅट खाली पडतो. ६२ अंशांचा होता, ६३ ला पडला.

मग धारेचं काम. जागा निवडताना दोन गोष्टी पाहिल्या. एक, जॅकेटचा सगळ्यात उंच भाग, म्हणजे अडकलेली हवाही तिथूनच निघते. दुसरी, थर्मोस्टॅटच्या अलीकडची बाजू. पलीकडे भोक पाडलं तर झडप उघडेपर्यंत धार येणार नाही आणि माणूस उगाच घाबरेल. हेडवरचं पाण्याचं कव्हर काढून व्हाइसमध्ये धरलं. जागेवरच ड्रिल मारलं तर बुरादा जॅकेटमध्ये जातो. धातू तिथं ७ मिलिमीटर जाड होता. ५ च्या आत असता तर मागून पॅड दिल्याशिवाय आटे टिकले नसते. ८.८ चं ड्रिल, मग आटे पाडायला १/८ बीएसपी टॅप, रॉकेल सोडत अर्धा फेरा पुढं, पाव मागं. त्यात बसणारं पितळी निपल (नळी जोडायचं तोंड) लेथवर बनवलं, आतलं भोक फक्त ३ मिलिमीटर. मोठं भोक ठेवलं तर धार जोरात दिसते, पण तेवढं पाणी सिलिंडरचं कमी होतं. आट्यांना टेप न गुंडाळता सीलंट लावलं, कारण टेपचा तुकडा सुटला तर याच भोकात अडकायचा. निपलवरून ६ मिलिमीटरची रबरी नळी फ्लायव्हीलपासून लांब नेली आणि खालच्या कव्हरला भोक पाडून, ग्रोमेट (रबरी कडं) बसवून मागं काढली.

हेड काचेवर ३२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून सपाट केलं. नवीन गॅस्केट घालून बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत आवळले. नवा इम्पेलर साबणाच्या पाण्यात बुडवून, शाफ्ट घड्याळाच्या दिशेनं फिरवत हाऊसिंग खाली दाबलं म्हणजे पाती बरोबर बाजूला वळतात. गिअरकेस वर चढवताना पाणी वर नेणारी तांब्याची नळी पंपाच्या ग्रोमेटमध्येच शिरली का, हे टॉर्च लावून पाहिलं. ती चुकली तर सगळं नवीन असूनही इंजिन तापतं, आणि ही चूक आम्ही नव्यानं जोडलेल्या इंजिनांत सगळ्यात जास्त पाहिली आहे.

२०० लिटरच्या पिंपात, प्रोपेलर काढून, न्यूट्रलवर चालवलं. थोड्या वेळात धार आली. एक लिटरची बाटली साधारण मिनिटभरात भरली. उघडं ॲल्युमिनियम चमकतं म्हणून टेंपरेचर गन खोटं दाखवते. हेडवर काळी टेप चिकटवून मोजलं, वीस मिनिटांनंतर ६४ अंश.

देताना एवढं सांगितलं: उसाचं पाचट नाहीतर प्लास्टिक पिशवी खालच्या जाळीवर बसली की धार बारीक होते. तेव्हा इंजिन बंद करून, वर उचलून जाळी साफ करायची. इम्पेलर दरवर्षी पावसाआधी बदलायचा. आणि शेडमध्ये पडून असताना धारेच्या भोकात कुंभारीण माशी माती भरते, म्हणून पहिल्यांदा स्टार्ट करण्याआधी त्यात बारीक तार घालून बघायची.